शेवटून चौथी बोट

भावोजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मृत्यू नोंदणी कार्यालयातल्या खिडकीतून मेहुण्यासमोर एक फॉर्म सरकला. नाव, वय, पत्ता इथपर्यंत पेन सुरळीत चाललं. मग जन्मगाव आलं आणि पेन अडलं. पुढे शिक्षण होतं, वडिलांचा व्यवसाय होता, पूर्वीचे आजार होते. एक्केचाळीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तो जेवला, त्याचं गाव कोणतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आजोबा, तुम्ही जवळचेच ना?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"तसा जवळचाच," मेहुणा म्हणाला आणि ताईला फोन करायला बाहेर गेला.

त्याला माहीत होतं ते अगदी थोडं. भावोजींना चहात साखर दीड चमचा लागे. ते जुन्या फायबरच्या बोटी दुरुस्त करत. संध्याकाळी घरी आले की कडाक्याच्या थंडीतही आधी गार पाण्याने अंघोळ करत, कारण घासताना उडालेली काचेची बारीक कुसळं अंगाला चिकटलेली असत आणि गरम पाण्याने ती आणखी आत जातात. जेवताना बोलत नसत. कोणी विनोद केला तर सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटेच हसत. मेहुण्याला वाटे, माणूस भारदस्त आहे. ताईला वाटे, घुमा आहे. ती दोघांच्या वाटचं बोलून घेई.

मेहुणा स्वतःही काही बोलघेवडा नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याची चौतीस वर्षं लाइन तपासायच्या खोलीत गेली. कानाला हेडफोन लावून नुसती खरखर ऐकायची आणि केबलमध्ये ओल कुठे शिरली, जोड कुठे सुटला ते कागदावर लिहून द्यायचं. यंत्रांशी त्याचं छान जमे. माणसांपुढे मात्र तोंडातून शब्द फुटत नसे. दुकानदाराने भलताच माल बांधून दिला तरी तो निमूटपणे तोच घेऊन घरी येई, आणि मग बायको पिशवी घेऊन परत जाई.

अशा ह्या दोघांचं जे काही बोलणं झालं, ते सगळं भावोजींच्या शेवटच्या चार बोटींच्या काळात. त्यातही खरं म्हणजे त्या चारांतल्या पहिलीच्या वेळी.

भावोजींनी स्वतःहून फोन केला, हेच नवल होतं. "मेहुणे, उद्यापासून शेडवर या. नऊ आठवड्यांचं काम आहे," असं मोठ्याने बोलून, हा 'बरं' म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवूनही दिला.

शेड धक्क्याच्या टोकाला होती. वर पत्रा, खाली सिमेंट, एका भिंतीला हत्यारं टांगलेली, आणि मधोमध लोखंडी पायांवर उभी केलेली नऊ मीटरची एक पांढरी बोट. तिची मालकीण पन्नाशीची बाई होती. बोट चालवायचीही तीच, म्हणून सगळा धक्का तिला कप्तानीण म्हणे. पलीकडच्या काठावरून शाळेला, दवाखान्याला, कामावर येणारी माणसं ती एका खेपेला अठरा अशी आणत असे. वार्षिक तपासणीच्या वेळी सरकारी तपासनीसाचा बूट बोटीच्या तळात दोन बोटं खोल रुतला. त्याने मागचं इंजिन हातांनी हलवून पाहिलं, तर इंजिनाबरोबर बोटीची मागची भिंतही हलली. नऊ आठवड्यांनी पुन्हा येईन म्हणाला. तेव्हाही असंच दिसलं, तर परवाना रद्द आणि बोट मोडीत.

"फायबर सडत नाही," भावोजींनी पहिल्या दिवशी सांगितलं. "सडतं ते त्याच्या पोटातलं लाकूड. तळाला हे दोन लांब कणे, वर जमीन, मागे इंजिन टांगायची भिंत. सगळं लाकूड, वरून फायबरने मढवलेलं. कोणीतरी एक स्क्रू मारतो, भोक बुजवायला विसरतो. पाणी आत जातं ते जातं, बाहेर यायला त्याला वाट नाही."

मग त्यांनी एक छोटी हातोडी घेतली, मेहुण्याच्या हातात निळा खडू दिला आणि तळावर एक ठोका मारला.

"कसा वाजला?"

मेहुण्याला वाटलं, आपली परीक्षा चालली आहे. "बरा," तो म्हणाला.

"बरा म्हणजे? टणक की भद्द?"

"टणक."

दुसरा ठोका. "आणि हा?"

"हा... भद्द. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा."

"गोल करा तिथे."

तासाभरात अर्धा तळ निळ्या गोलांनी भरला. एका ठिकाणी भावोजींनी हातोडीचा दांडा दातांत धरला आणि डोकं बोटीला टेकवून ते बराच वेळ तसेच राहिले. मेहुण्याला कळेना, हसावं की काय करावं.

"दातांतून जाडा आवाज येतो," दांडा काढून ते म्हणाले. "बारीक येत नाही. आणि सड पकडायची तर बारीकच ऐकू यायला हवं."

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"कान गेलेत माझे, मेहुणे. बारा वर्षं झाली. ग्राइंडर खाऊन गेला. समोर तोंड दिसलं तर कळतं कोण काय म्हणतंय. पाठ केलीत तर संपलं."

"ताईला..."

"वेडे आहात का? आत्ता ती एकदाच ओरडते."

मेहुण्याला एकदम ती जेवणाची टेबलं आठवली, सगळ्यांच्या मागून येणारं ते हसू आठवलं. ताईची कायमची तक्रारही आठवली, की हे मुद्दाम ऐकत नाहीत.

"धक्क्यावर कळलं, तर उद्यापासून कोणी मला फळीसुद्धा तासायला देणार नाही," भावोजी म्हणाले. "ऐकू न येणाऱ्याने बोट ठोकून बघायची म्हणजे आंधळ्याने रंग निवडायचा. आणि हे बंद झालं, की मी घरी बसून काय करू? भाजी निवडू? म्हणून तुम्हाला बोलावलं. मी ठोकतो, तुम्ही ऐका. फक्त एक करा. वाईट वाजलं तर वाईट म्हणा. माझ्या तोंडाकडे बघू नका."

मेहुणा 'हो' म्हणाला.

काम सुरू झालं. जमीन कापून काढली तेव्हा खालून कुबट वास आला. कण्यांच्या आतलं लाकूड राहिलंच नव्हतं. चहा गाळल्यावर उरतो तसला काळा चोथा होता, आणि तो दोघांनी हातांनी उपसला. डावा कणा पूर्ण काढला तरी उजव्याला भावोजींनी हात लावू दिला नाही.

"दोन्ही एकदम काढले तर बोट बसते," ते म्हणाले. "म्हणजे तळ पोक काढतो. मग नवा कणा त्या पोकाच्या मापाने बसतो आणि बोट जन्मभर वाकडी चालते. चालवणाऱ्याला वाटतं, आपला हात बिघडला."

म्हणून आधी खालून जागोजागी लाकडी ठोकळे आणि पाचरी. एक कणा काढायचा, पंखे आणि बल्ब लावून जागा सुकवायची, पुठ्ठ्याचा साचा कापायचा, साच्यावरून प्लायवूड कापायचं, चिकटवायचं, वर रेझिनच्या चिकात भिजवलेली काचेच्या धाग्यांची मॅट चढवायची. मगच दुसरा. मेहुण्याला ही शिस्त मनापासून आवडली. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक तारेला चिठ्ठी असे. इथेही त्याने कापलेल्या एकेका तुकड्यावर कागदी चिकटपट्टी लावून सुवाच्य अक्षरात लिहायला सुरुवात केली. उजवा कणा, पुढचा भाग, वरची कड. भावोजी वाचून म्हणत, "आता फक्त तिकिटं लावा आणि पोस्टात टाका."

दोघांच्या कपड्यांची बादली ताईने अंगणात वेगळी ठेवली होती. "एकाला खाज होती तेवढी पुरे नव्हती," ती म्हणे. "आता भाऊही खाजवतोय. अरे, तू निवृत्त झालास ना? की ह्यांनी फसवून नेलं?"

"मी आपणहून जातो, ताई."

"तू आपणहून? तू आपणहून कधी पाणीसुद्धा मागितलं नाहीस."

भावोजी ताटाकडे बघत जेवत होते. आता मेहुण्याला माहीत होतं, की ते ह्यातलं काहीच ऐकत नाहीयेत. त्याने त्यांच्या कोपराला हलकेच हात लावला आणि त्यांनी मान वर केल्यावर विचारलं, "वाटी देऊ?" ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एवढी जवळीक कधी झाली, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

आठव्या आठवड्यात मागची भिंत झाली. जाड प्लायवूडचे तीन थर एकमेकांना चिकटवून, बोल्ट आवळून दोन दिवस ठेवले. मग वरून मॅटचे आठ थर, मग घासणं, मग पांढरा रंग. तपासनीस यायला तीन दिवस उरले, तेव्हा कप्तानीण बिस्किटांचा पुडा घेऊन शेवटचे ठोके बघायला आली. तिला अर्थातच वाटत होतं, की भावोजी ठोकतात आणि भावोजीच ऐकतात. हा खडूवाला हाताखालचा.

भावोजी एकेक ठोका मारत, मग खडू द्यायच्या निमित्ताने मेहुण्याकडे वळत. मेहुणा नुसती मान हलवी. तळ ठीक होता. कणे घंटेसारखे वाजत होते. भिंतीचा वरचा भाग ठीक, उजवा ठीक. डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे इंजिनाचा एक बोल्ट यायचा होता, तिथे ठोका पडला आणि मेहुण्याचे कान टवकारले गेले. भद्द नव्हतं ते. पण टणकही नव्हतं. जोड सुटलेल्या लाइनवर आवाजामागे एक बारीक कोरडी फडफड येई, तसं काहीतरी.

भावोजी वळले. कप्तानीण पुडा फोडत होती. रंग अजून चमकत होता. आठ थर, दोन दिवस, नऊ आठवडे. आणि हा कोण? आठ आठवड्यांपूर्वी ज्याने आयुष्यात बोटीला हात लावला नव्हता तो.

मेहुण्याने मान हलवली. ठीक.

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोला म्हणाला, पोट बिघडलंय. पहाटे उठून बसला. मनात त्याने दहा वाक्यं तयार केली. भावोजी, कदाचित माझा भ्रम असेल. भावोजी, तसं काही विशेष नाही. प्रत्येक वाक्यात तो बोल्ट होता, आणि त्या बोल्टाला टांगलेलं इंजिन, आणि पुढे बसलेली अठरा माणसं.

सात वाजता तो शेडवर पोचला. भावोजी बोटीत गुडघ्यांवर बसून, तोंडाला मास्क बांधून एक कड घासत होते. पाठ दाराकडे होती आणि ग्राइंडर चालू होता.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "काल मी चुकीचं सांगितलं."

भावोजी घासत राहिले.

"भावोजी! काल मान हलवली ती खोटी होती!"

काहीच नाही. एवढं एकदा बोलायला त्याने रात्रभर बळ गोळा केलं होतं, आणि ते तिसऱ्यांदा बोलावं लागत होतं. त्याने डोळे मिटले आणि जन्मात ओरडला नव्हता एवढ्या जोराने ओरडला, "भिंत वाईट वाजतेय! डावा खालचा कोपरा! तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी होतो ना, आणि मीच खोटं बोललो!"

नेमका त्याच क्षणी भावोजींनी ग्राइंडर बंद केला होता. शेवटचे शब्द पत्र्यावर आपटून सगळ्या शेडभर फिरले. मेहुण्याने डोळे उघडले. शेजारच्या शेडमधले दोन सुतार हातात करवत घेऊन दारात उभे होते. त्यांच्या पुढे, हातात रंगाचा डबा घेतलेली कप्तानीण.

सगळ्यांची तोंडं बघून भावोजी सावकाश वळले आणि त्यांनी मास्क खाली ओढला.

"काय झालं?" ते म्हणाले.

उत्तर कप्तानिणीने दिलं. डबा खाली ठेवून ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

भावोजींनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. मेहुण्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण तिच्यात जावं.

"नाही," भावोजी म्हणाले.

"मग माझ्या बोटीचं कोण ऐकत होतं?"

"हे."

"आणि हे म्हणतायत खोटं बोललो!"

"काल बोलले. आज खरं सांगायला सात वाजता आले." ते मेहुण्याकडे वळले. "कुठे?"

मेहुण्याने कोपरा दाखवला. भावोजींनी ठोका मारला. मग दुसरा. मेहुणा म्हणाला, "इथून इथपर्यंत." ह्या वेळी त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. खडूने गोल केला, ताटलीएवढा. भावोजींनी कुणालाच काही न विचारता नव्याकोऱ्या रंगावर कटर ठेवला.

आतल्या बाजूने मॅट कापली, पहिला थर गोल कापून पटाशीने उचलला. लाकूड कोरडं होतं, सोनेरी होतं, वासही छान होता. कप्तानीण काही बोलणार, एवढ्यात भावोजींनी तो तुकडा उलटा केला. त्याच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी होती, वीतभर. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : मागची भिंत, डावा खालचा कोपरा, आतली बाजू.

पट्टीवर सरस धरलाच नव्हता. तेवढी जागा दोन थरांच्या मध्ये पोकळ राहिली होती.

अक्षर मेहुण्याचं होतं. भावोजींनी पट्टी उजेडात धरून पूर्ण वाचली.

"पत्ता बरोबर आहे," ते म्हणाले.

आधी सुतार हसले. मग कप्तानीण हसली, पण लगेच थांबली. "चाललं असतं का हे?"

"पाच वर्षं चाललं असतं. बोल्टाजवळून पाणी शिरलं असतं. मग नसतं चाललं."

"आणि तपासनीसाला कळलं असतं?"

"त्याला? नाही."

कप्तानिणीने त्या भोकाची कड चाचपून पाहिली. मग रंगाचा डबा उचलून म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत बुजवा. आणि हे ऐकतील. तुम्ही नका ऐकू."

दोघांनी कडा उताराने तासल्या, नवा तुकडा बसवला, मॅटचे थर चढवले. थंडीने रेझिन लवकर धरेना म्हणून दोन बल्ब टांगले आणि वर गोधडी पांघरली. तपासनीस तिसऱ्या दिवशी आला, उड्या मारल्या, इंजिनाला लोंबकळला, सही करून गेला. त्या कोपऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

कानांची गोष्ट धक्क्यावरून घरी पोचायला त्या ओरडण्याच्या दिवशीची दुपार पुरली होती. संध्याकाळी मेहुणा ताईकडे गेला तेव्हा ती दारातच उभी होती.

"बारा वर्षं!" ती म्हणाली. "बारा वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते?"

भावोजी ओल्या केसांनी खुर्चीत बसले होते. "तोंडाकडे बघत होतो की."

"कधी? कधी बघत होता? मी ओट्यापाशी, तुम्ही पेपरात!"

"जेवढं बघितलं तेवढं कळलं."

"आणि तू रे? तुला माहीत होतं?"

"आठ आठवडे," मेहुणा म्हणाला.

ती रडली, मग रागावली, मग आत गेली. पण त्या दिवसापासून तिला काही सांगायचं असलं की ती गॅस बारीक करून बाहेर यायची, भावोजींच्या समोर उभी राहायची आणि मग बोलायची. बोलणं कमी झालं. भावोजी म्हणत, चालून यावं लागतं ना.

धक्क्याने भावोजींना घरी बसवलं नाही. सुतारांनी महिनाभर टिंगल केली, मेहुण्याला कान म्हणायला लागले. वसंतात कप्तानिणीने आपल्या चुलतभावाची बोट पाठवली. पाठवताना म्हणाली, एक ऐकत नाही आणि एक बोलत नाही, पण दोघं मिळून एक माणूस होतो. त्यानंतर आणखी एक आली. मग शेवटची, लहान, हिरवी, तिघांनी मासे धरायला जायची.

त्या हिरव्या बोटीचे पहिले ठोके भावोजी गेले त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी झाले. भावोजी त्या दिवशी थोडे दमले होते. मधूनच स्टुलावर बसत होते. संपल्यावर त्यांनी हातोडी पुसून खिळ्याला टांगली.

"किती झाले गोल?"

मेहुणा त्यांच्या समोर येऊन म्हणाला, "अकरा. एकाची जरा शंका आहे."

"केलात ना गोल?"

"केला."

"मग बारा म्हणा की."

"अकरात धरलाय तो."

"बरं," भावोजी म्हणाले. ते चप्पल शोधत होते. "जाताना दार नीट ओढून घ्या. मांजर आत येतं आणि मॅटवर झोपतं."

"कडी लावू?"

"लावा."